मोबाईल ॲपमधील कोरूटीन : थ्रेड न अडविता कार्यारंभ

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीवर एकच लिपिक बसलेला असतो. एखादी फाईल शोधण्यासाठी तो स्वतः दफ्तरखान्यात गेला, की मागील रांग खोळंबते. अँड्रॉइड ॲपमधील मुख्य थ्रेडची स्थिती अशीच असते. पडद्यावरील चित्र अद्ययावत ठेवणे आणि स्पर्शास प्रतिसाद देणे ही दोन्ही कामे त्याच्याकडेच असतात. स्पर्शास ५ सेकंदांत प्रतिसाद न मिळाल्यास ॲप प्रतिसाद देत नसल्याची नोंद प्रणाली करते.

विवेचन :
कोरूटीन म्हणजे मध्येच थांबविता येणारे आणि पुढे तेथूनच सुरू करता येणारे कार्य होय. संकल्पना जुनी आहे. मेल्विन कॉनवे यांनी ही संज्ञा १९५८ मध्ये योजिली. कोटलिन भाषेत मात्र ती १.३ या आवृत्तीपासून (२०१८) स्थिर स्वरूपात उपलब्ध झाली. लिपिकाने शिपायास फाईल आणावयास धाडावे, अर्जावर खूण करून तो बाजूस ठेवावा व पुढील विद्यार्थ्यास बोलवावे, तसा हा प्रकार आहे.

तथापि फंक्शनपुढे 'सस्पेंड' लिहिले की काम आपोआप दुसऱ्या थ्रेडवर जाते, हा समज चुकीचा असून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. 'सस्पेंड' थांबण्याची मुभा देतो, इतकेच. त्या फंक्शनमध्ये 'थ्रेड.स्लीप' किंवा फाईल थेट वाचण्याची आज्ञा असेल, तर मुख्य थ्रेड अडणारच. लिपिक स्वतःच उठून गेला, असे म्हणावे लागेल. 'डिले' मात्र थ्रेड मोकळा सोडतो. अडविणारे काम 'विथकॉन्टेक्स्ट'द्वारे 'डिस्पॅचर्स.आयओ'कडे सोपवावे लागते. थ्रेड तेथेही अडतो, पण तो मुख्य थ्रेड नसतो.

'रनब्लॉकिंग' अधिक फसवे आहे. आतील कार्य संपेपर्यंत ते चालू थ्रेड रोखून धरते. प्रयोगशाळेतील वेगवान इंटरनेटवर हा दोष जाणवत नाही. तोंडी परीक्षेत ॲप सुरळीत चालते, गुणही मिळतात, आणि रेंज कमी असलेल्या गावात तेच ॲप गोठते. बटण दाबल्यानंतरच्या कार्यासाठी 'लाँच'च योग्य.

'लाँच' कोठून करावे, हाही प्रश्न आहेच. 'ग्लोबलस्कोप'मधील कार्य पडदा बंद झाल्यावरही चालू राहते. 'व्ह्यूमॉडेलस्कोप'मधील कार्य व्ह्यूमॉडेल नष्ट होताना रद्द होते. अर्थात रद्द होण्यासाठीही कार्याचे सहकार्य लागते. दीर्घ लूपमध्ये 'एन्शुअरॲक्टिव्ह'सारखी तपासणी नसेल, तर रद्द केलेले कार्यही धावतच राहते.

अँड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करण्याची सोय आहे. प्रकल्पास गुण देण्यापूर्वी परीक्षकांनी ती एकदा वापरून पाहावी.