पवनचक्की आणि शेजारधर्म

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्यांतील शक्ति आठपट होते. म्हणून विजेची पवनचक्की मोकळ्या रानांत, उंच मनोऱ्यावर बसवावी लागते. मनोऱ्याभोंवतीं नांगर पूर्ववत् चालतो, आणि जमीनमालकास उत्पन्नहि होतें. शेजाऱ्याच्या वांट्याला मात्र पात्यांचा आवाज आणि फिरती सावली तेवढी येते. मग गांवांत दुही माजल्यास नवल काय?

डेन्मार्कमधील साम्सो या शेतकऱ्यांच्या बेटानें यावर साधा उपाय काढला. २००० सालीं तेथें प्रत्येकी एक मेगावॅटच्या ११ चक्क्या उभ्या राहिल्या. पण त्यापूर्वी गांवोगांवीं सभा भरून पुष्कळ वादविवाद झाला होता. नऊ चक्क्या तेथील शेतकऱ्यांनीं घेतल्या, आणि उरलेल्या दोहोंचे भाग इतर रहिवाशांनीं विकत घेतले. स्वतःची चक्की फिरूं लागली, म्हणजे तिचा आवाज तितकासा खुपत नाहीं!

पुढें डेन्मार्कनें कायदाच केला. २००९ पासून २०२० पर्यंत नव्या चक्क्यांचे निदान २० टक्के भाग स्थानिक रहिवाशांस देऊं करणें बंधनकारक होतें.

वारा कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. म्हणूनच त्याचें फळ वांटतांना शेजाऱ्यास विसरून चालत नाहीं.