पहिल्या दोन दिवाळ्या

घरबसल्या धंदा करणाऱ्या बाईला दोन तऱ्हेचे लोक भेटतात. एक म्हणतात, “वा! वेळ छान जातो तुमचा!” दुसरे विचारतात, “सुटतात का हो काही पैसे?” मला स्वतःला दुसरे अधिक आवडतात. हा धंदा आहे एवढे तरी त्यांना ठाऊक असते!

मी चकलीची भाजणी करून विकते. १९९७ च्या श्रावणात डोंबिवलीच्या दोन खोल्यांत हा उद्योग मांडला, तेव्हा वेळ घालवण्याची चैन मला परवडणारी नव्हती. यजमानांचा कारखाना त्या मार्चमध्ये बंद पडला होता, थोरलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि हाताशी होते भिशीचे तीन हजार रुपये. भिशी लागली म्हणजे पैसे आपले झाले असे नव्हे. पुढचे हप्ते दर महिन्याला दारात उभेच असतात. भाजणी खपली नाही तर हप्ता कशातून द्यायचा, याचे उत्तर घरात कोणापाशीच नव्हते.

भाजणीचे प्रमाण काही गुपित नाही. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, अर्धी मुगाची, वर धने-जिरे. खरी परीक्षा आहे ती पुढेच. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, प्रत्येक धान्य वेगवेगळे मंद आचेवर भाजायचे, पार निवल्याशिवाय दळायचे नाही. आणि दळायचे ते तांदळावर. गव्हावर दळले की चकली चिवट झालीच म्हणून समजा. आता पाच किलोंसाठी कोणता गिरणीवाला गव्हाची रांग थांबवील? मी भर दुपारी, गिरणी रिकामी असताना जाऊ लागले, आणि भाजणीच्या आधी घरचेच किलोभर तांदूळ दळायला घालू लागले. त्या पिठाच्या भाकऱ्या आम्ही वर्षभर खाल्ल्या. मुलांनी तांदळाच्या भाकरीचा जो धसका घेतला आहे तो अजून गेलेला नाही!

पण माणूस गिरणीवाल्याची समजूत घालील, पावसाची कशी घालणार? दिवाळीचा माल श्रावण-भाद्रपदातच करावा लागतो, आणि नेमके तेव्हाच धुतलेले तांदूळ दोन-दोन दिवस ओलसर राहतात, त्यांना वास येऊ लागतो. अशा एका संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी लिज्जत पापडाची हकीकत काढली. त्यांचे माहेर गिरगावातले. आमच्या घरात ती पुराणातल्या कथेसारखी सांगितली जाई.

ती आता सर्वांना माहीत आहे, पण तिचा आरंभच तेवढा माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. भांडवल उसने घेतलेले ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. पुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले! चार महिने हातावर हात धरून बसायचे आणि पुन्हा लाटणे उचलायचे, हे पहिल्या दिवसाच्या उत्साहापेक्षा फार अवघड. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणली, खाली स्टोव्ह पेटवला आणि खाटेवर पापड वाळत घातले. पहिल्या वर्षाची विक्री होती सहा हजार एकशे शहाण्णव रुपये. जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली ती २०२१ साली.

आमच्याकडे खाट होती, पण त्यावर सासूबाई झोपत! तेव्हा मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर जुनी लुगडी पसरली, त्यांवर तांदूळ पातळ घातले आणि रात्रभर पंखा चालू ठेवला. आम्ही पाच माणसे आतल्या खोलीत उकडत निजलो. सकाळी तांदूळ कोरडे. विजेचे बिल अर्थातच फुगले, आणि ते मी भाजणीच्या खात्यावर लिहिले.

या खात्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. दहा किलो धान्य वाळून, भाजून, दळून नऊ किलोंच्या आसपास भरते. धान्य, दळणावळ, गॅस, पिशव्या आणि माझ्या हाताची मजुरी धरून मी किलोला चाळीस रुपये भाव लावला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, धान्य तर अठरा-वीस रुपयांचं!” मी म्हटले, “काकू, बाकीचे रुपये माझ्या पाठीचे!” त्या हसल्या खऱ्या, पण त्या वर्षी त्यांनी भाजणी घेतली नाही. नातेवाइकांची तऱ्हा आणखी निराळी. घरचाच माल म्हणून पिशवी उचलायची आणि जाताना आशीर्वाद द्यायचा. आशीर्वादावर भिशीचा हप्ता भरता येत नाही, म्हणून मी घरच्यांनाही भाव सांगू लागले. एक चुलत नणंद दोन वर्षे अबोला धरून होती.

सर्वांत मोठा फटका बसला तो स्टेशनजवळच्या एका दुकानदाराकडून. त्याने पंधरा किलो माल ठेवून घेतला. खपल्यावर पैसे देतो म्हणाला. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले, तरी “उद्या या!” माझ्या सहाशे रुपयांपैकी दोनशे हाती आले, तेही तीन हेलपाट्यांनंतर. दिवाळीनंतर हिशेब केला तेव्हा शिल्लक होती एकशे दहा रुपये. यजमान वही मिटून म्हणाले, “पुढच्या वर्षी करायचं का?” त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला.

ते एकशे दहा रुपये मी चार दिवस मोजत होते. मग वहीच्या मागच्या पानावर ज्यांनी रोख पैसे देऊन माल नेला त्यांची नावे लिहिली. भरली बावीस घरे. त्यांतल्या सात जणी संक्रांतीच्या सुमारास थालीपिठाची भाजणी मागायला आपण होऊन आल्या. दुकानापेक्षा ही सात दारे पक्की, असे मला वाटले. प्रत्येक पिशवीत पाणी किती, मोहन किती याची चिठ्ठी घालू लागले. त्याने “चकल्या तेलात मोडल्या” ही तक्रार बरीच कमी झाली. वर्षभर थालीपीठ, मेतकूट असे थोडेथोडे चालू राहिले आणि भिशीचा एकही हप्ता चुकला नाही.

१९९८ च्या नवरात्रात तोच दुकानदार घरी आला. गिऱ्हाइके विचारतात म्हणाला. तीस किलो हवी होती, हिशेब दिवाळीनंतर. मी आधी जुने चारशे मागितले आणि नव्या मालाचे रोख. त्याने बराच वेळ पंख्याखाली बसून विचार केला, चहा घेतला, जुनी बाकी चुकवली आणि दहा किलो घेऊन गेला.