संगणकांचे नामकरण

कार्यालयातील संगणक जाळ्याने जोडले गेले, तेव्हा आम्ही त्यांना ‘लेखापाल’, ‘अधीक्षक’ अशी पदांची नावे दिली. पुढे यंत्रे खोल्या बदलत गेली, नावे मात्र तीच राहिली. शिष्यवृत्तीची मुदत एक दिवसावर आली असता विद्यार्थ्यांची यादी ‘लेखापाल’मध्ये शोधली, ते यंत्र वसतिगृहात निघाले!

तेव्हा आम्ही नियम केले. नाव व्यक्तीचे वा पदाचे नसावे. एका जाळ्यात एकच नाव दोघांना नसावे. विंडोजच्या सोयीसाठी ते रोमन लिपीत, 15 अक्षरांच्या आत व सलग असावे. तथागतांचे आणि बाबासाहेबांचे नाव सुचले होते. परंतु ‘बंद पडले’, ‘व्हायरस लागला’ हे शब्द त्या नावांना जोडून उच्चारणे आम्हांस रुचेना.

अखेर लेण्यांची नावे ठरली : कार्ले, भाजे, बेडसे, कान्हेरी, पितळखोरे. प्रत्येकाचे स्पेलिंग, खोली व वापरणारा नोंदवहीत लिहिला. यंत्र हलले की नोंद बदलते, नाव बदलत नाही. आता नवा विद्यार्थी ‘बेडसे कोठे आहे?’ असे विचारतो, तेव्हा आम्ही त्याला आधी खोली दाखवतो आणि मग मावळातील ते लेणे सांगतो.