कराची ते जुहू : अंतर आणि वेळ

खारदांड्यातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला मासेमारीची जागा किती लांब आहे असे विचारले, तर तो मैल सांगत नाही. किती तास लागतात ते सांगतो. वारा आणि भरती-ओहोटी धरल्याशिवाय समुद्रातल्या अंतराला अर्थ नसतो. आकाशातल्या अंतराचेही तसेच आहे. आमच्या कोळीवाड्याच्या उत्तरेला तीनेक किलोमीटरवर जुहूचा विमानतळ आहे. त्याचाच दाखला घेऊ.

15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच निघाले. विमान होते ‘पस मॉथ’, एका इंजिनाचे. अहमदाबादला इंधन भरून ते दुपारी जुहूला उतरले. कराची-मुंबई सरळ अंतर सुमारे 880 किलोमीटर. अहमदाबादमार्गे ते साडेदहाशेच्या घरात जाते. ताशी 160 किलोमीटरच्या वेगाने साडेसहा तास, वर थांब्याचा वेळ. म्हणजे एकूण सातेक तास झाले. 1982 मध्ये, वयाच्या 78व्या वर्षी, ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून त्यांनी हाच प्रवास पुन्हा केला.

आजच्या जेटला या अंतरासाठी दोन तासही नकोत. पण थेट विमानसेवा थांबलेली आहे. त्यात 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि 30 एप्रिलला भारतानेही तेच केले. आता कराचीला जायचे तर वाट दुबईवरून. मुंबई-दुबई सुमारे 1,930 किलोमीटर, दुबई-कराची सुमारे 1,190. बेरीज 3,100च्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट. हवेतच पाच तास जातात. दुबईत दोन तास थांबावे लागले, तरी 1932चे ते छोटे विमान आणि आजचे जेट बरोबरीने पोहोचतील.

ज्यांच्या हाती तिकीटच नाही, त्यांचा हिशेब याहून वेगळा. पालघर जिल्ह्यातले अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. पाण्यात रेघ आखलेली नसते. बोट पलीकडे गेली की पकडली जाते आणि माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात पोहोचतात. सुटका झाली तरी त्यांना समुद्रमार्गे परत पाठवत नाहीत. कराचीहून लाहोर, वाघा-अटारीची सीमा, तिथून पंजाब, गुजरात आणि मग घर. शिक्षा संपल्यानंतरही हा प्रवास सुरू व्हायला कित्येकदा महिने, वर्षे लागतात.

2008च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला आपापल्या तुरुंगांतील परदेशी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. नकाशावर कराची डहाणूहून मुंबईपेक्षाही थोडी जवळच भरेल. घरच्यांना मात्र ते अंतर या सहामाही याद्यांनीच मोजावे लागते.