सेवेची घाई

जानेवारी २०१० मध्ये हैती भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्याच महिन्याअखेर अमेरिकेतील दहा बॅप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना बसमध्ये बसवून शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकाकडे निघाले आणि सरहद्दीवर पकडले गेले. आवश्यक कागदपत्रे नव्हती. अनाथांना आसरा देण्याचा आपला हेतू होता, असे त्यांचे म्हणणे; परंतु बहुतेक मुलांचे आईबाप हयात असल्याचे पुढे उघड झाले. अपहरणाचे आरोप अखेरीस मागे पडले. तरीही प्रश्न उरतोच: मूल अनाथ आहे, हे चार दिवसांच्या पाहुण्याने कोणत्या अधिकाराने ठरवावे?

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये मिशनतर्फे भारतात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले आणि १९२८ पर्यंत ते येथेच राबले. धर्मप्रसाराविषयी कोणाचे मत काहीही असो, एका गावाशी आयुष्य जोडणे आणि सुट्टीपुरते पुण्य जोडणे यांतील अंतर उघड आहे.

सेवेसाठी परदेशी निघणाऱ्या तरुणाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तेथील माणसांना आधी विचारावे. त्यांना आपली गरज नसेल, तर प्रवासखर्चाची रक्कम तेथल्याच शिक्षकाच्या वा परिचारिकेच्या वेतनासाठी धाडावी. तीही सेवाच होय.