घुमट बघायचा तर खालून

पुण्या-नाशिकचे पाहुणे इंदूरला आले की सराफ्यात एक रात्र आणि मांडूला एक दिवस, हे ठरलेलंच असतं. मांडूत त्यांना जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप बघायचा असतो. माझी सगळी नोकरी बांधकामांवर सुपरवायझरी करण्यात गेली, त्यामुळे मी गाडी आधी गावातल्या चौकात थांबवतो. तिथे जामा मशीद, तिच्या मागे होशंगशाहची कबर आणि समोर रस्त्यापलीकडे अशर्फी महाल. अशर्फी महालात बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, म्हणूनच मी पाहुण्यांना पहिल्यांदा तिथे चढवतो.

महमूद खिलजीने इथे स्वतःसाठी मोठी घुमटाची कबर बांधवली. शेजारी मेवाडवरच्या विजयाचा सात मजली मनोराही उभारला. आज मनोऱ्याचा तळच शिल्लक आहे आणि कबरीवर थेट आभाळ. घाई झाली, काम कच्चं राहिलं, असं जाणकार सांगतात. आमच्या धंद्यात हे कारण रोजच्या ओळखीचं! गंमत अशी की होशंगशाहची कबर 1440च्या सुमारास आणि जामा मशीद 1454मध्ये पुरी झाली, तीही याच महमूदाच्या काळात. मालक एकच, पण ते घुमट अजून उभे आहेत.

घुमट म्हणजे गोल फिरवलेली कमान. तिचं वजन खाली तर येतंच, पण बाहेरही रेटतं. अर्धगोल घुमटात माथ्यापासून साधारण 52 अंशांपर्यंत दगड एकमेकांना दाबून धरतात. त्याच्या खालचा घेर मात्र फाकू बघतो. दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. संत्र्याची अर्धी साल ताटावर पालथी ठेवून वरून दाबा, ती कडेपासून वर उभी चिरत जाते. घुमटही तसाच तडकतो. रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला अशाच भेगा गेल्या आणि अठराव्या शतकात त्याला लोखंडी कडी आवळावी लागली.

म्हणून घुमटाची खरी परीक्षा त्याच्या खांद्याखाली. होशंगशाहच्या कबरीत गेल्यावर कोपऱ्यात उभं राहून वर बघावं. खोली चौकोनी. वर कोपऱ्या-कोपऱ्यांत कमानी टाकून तिचा अष्टकोन केलाय, त्यावर सोळा बाजू आणि मग वर्तुळ. भार पायरी-पायरीने जाड भिंतींत उतरतो. बाहेर चार कोपऱ्यांवर चार छोटे घुमट आहेत. बहुतेकांना ते शोभेचे वाटतात. मला विचाराल तर कोपऱ्यांवर वजन ठेवण्यात शहाणपणच आहे. हा संगमरवरी घुमट जरा बसका आहे, ताजमहालाची ऐट त्यात नाही. पण दाराशी 1659चा एक लेख आहे. शाहजहानचे चार वास्तुकार इथे येऊन गेल्याची त्यात नोंद आहे. त्यात उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा लुत्फुल्ला, उस्ताद हामिद आणि एक उस्ताद शिवरामही! एवढी जाणती माणसं मुद्दाम येऊन गेली, यापेक्षा मोठी पावती कोणती?

मशिदीची युक्ती वेगळी. तीन मोठे घुमट आणि उरलेल्या छतावर 58 छोटे. चार खांबांमागे एक घुमट धरला की लांब तुळया लागत नाहीत.

मांडूत हे चाललं होतं, त्याच सुमाराला, 1436मध्ये, फ्लोरेन्सला ब्रुनेलेस्कीचा घुमट पुरा झाला. एवढ्या उंचीवर जमिनीपासून लाकडी सेंटरिंग उभं करणं परवडणारं नव्हतं. त्याने विटा अशा गुंफल्या की प्रत्येक थर स्वतःला धरून राहील, आणि आतून दगडी-लाकडी साखळ्यांनी घेर आवळला.

आपल्या जवळचा राजा मात्र विजापूरचा गोल घुमट, 1656चा. आतला व्यास सुमारे 38 मीटर आणि मधे एकही खांब नाही. लोक वरच्या सज्जात जाऊन टाळ्या वाजवतात, प्रतिध्वनी मोजतात आणि खाली उतरतात. खरी करामत सज्जाच्या खाली आहे. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवावेत तशा आठ कमानी एकमेकींना छेदतात. त्यांच्यावरचं बांधकाम आतल्या बाजूला झुकलेलं आहे. त्याचं वजन आत ओढतं आणि घुमटाचा बाहेरचा रेटा तोलतं. लोखंडी कड्याचं काम तिथे वजनाकडून करून घेतलंय. मला तरी हा घुमट ताजपेक्षा हुशार वाटतो.

इतक्या लांब जायचं नसेल तर इंदूरच्या गांधी हॉलवर, म्हणजे 1904च्या किंग एडवर्ड हॉलवर, घड्याळाच्या वरही घुमट आहे. रोज त्याखालून जाणारे आम्ही फक्त वेळ बघतो.

मांडूला सगळे पावसाळ्यात जातात. हिरवळीसाठी जरूर जा, पण ढग उतरले की दहा पावलांवरचा घुमटही दिसत नाही. घुमट बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत जा आणि आधी अशर्फी महालाच्या पायऱ्या चढा.