भरल्या घरात एकटं ताट

“आमचे आजोबा कुठे एकटे आहेत? घरात पाच माणसं आहेत की!” वयस्कर माणसाच्या एकटेपणाचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. एकट्याने जेवणं ही फक्त एकट्याने राहणाऱ्यांची अडचण, असं त्यात धरून चाललेलं असतं. जपानच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. ६५ वर्षांपुढच्या सुमारे ७० हजार लोकांची माहिती तीन वर्षं गोळा करून त्यांनी २०१८ साली निष्कर्ष मांडले. घरच्यांसोबत राहणाऱ्या आणि जेवणाऱ्या पुरुषांशी तुलना केली, तेव्हा एकटे राहून एकटेच जेवणाऱ्या पुरुषांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १.२ पट निघाला. घरात माणसं असूनही एकटे जेवणाऱ्यांमध्ये मात्र तो जवळपास दीडपट होता.

म्हणजे सर्वांत जास्त धोका भरल्या घरात दिसला. भारतासाठी हे फार महत्त्वाचं आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्याकडे साठीपुढचे जेमतेम ६ टक्के लोक एकटे राहतात. बाकीचे कुणा ना कुणासोबत राहतात, पण जेवायला त्यांच्यासोबत कोण बसतं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सून कामावर, मुलगा उशिरा येणार, नातवंडं क्लासला; आजोबांचं ताट वाढून झाकून ठेवलेलं. यात कुणाचं प्रेम कमी असतं असं नाही, पण आजोबा जेवतात एकटेच.

“बायकांना काय, सवयच असते” हा दुसरा समज. सगळ्यांना वाढून मग मागे बसणाऱ्या बाईविषयी असं बोलणं सोपं असतं. जपानमध्येच २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकटे राहणाऱ्यांची तुलना केली होती. सोबतीने जेवणाऱ्यांपेक्षा एकट्याने जेवणाऱ्या पुरुषांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसू लागण्याची शक्यता २.७ पट होती, बायकांमध्ये १.४ पट. बायकांचा आकडा लहान आहे, पण सवयीने त्रास संपतो असं तो सांगत नाही.

इथे एक शंका रास्त आहे. आजारी, उदास किंवा घरच्यांशी न पटणारा माणूसच एकटा जेवत असेल तर? अशा पाहण्यांमधून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठामपणे ठरत नाही. म्हणूनच नेदरलँड्समधला प्रयोग मोलाचा आहे. तिथल्या पाच शुश्रूषागृहांमधल्या १७८ रहिवाशांवर सहा महिने तो झाला आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. काही विभागांत नेहमीसारखं आधीच वाढलेलं जेवण ट्रेमध्ये आलं. इतर विभागांत टेबलावर कापड अंथरलं, भांडी मध्ये ठेवली, ज्याने त्याने हवं तेवढं वाढून घेतलं, कर्मचारी सोबत बसले आणि जेवताना औषधं वाटणं बंद झालं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनात टेबलाभोवती जेवणाऱ्यांच्या बाजूने सरासरी दीड किलोचा फरक पडला. त्यांची हालचाल आणि एकूण समाधानही दुसऱ्या गटापेक्षा बरं राहिलं. कुठला गट कोणत्या पद्धतीने जेवणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं असल्यामुळे इथे पद्धतीचाच परिणाम मोजला गेला.

“या वयात भूक मंदावतेच, कमी खाल्लेलं बरं” हा समज या सगळ्यांत घातक. भूक मंदावते हे खरं: वास आणि चव कमी कळते, पोट हळू रिकामं होतं, काही औषधांनी तोंडाची चव जाते. पण कमी जेवणाबरोबर प्रथिनंही कमी होतात, स्नायू झिजतात आणि पडण्याची भीती वाढते. सहा महिने ते वर्षभरात मुद्दाम न घटवता वजन ५ टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सोबतीचा उपयोग इथे थेट दिसतो. अमेरिकेत घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांच्या एका छोट्या अभ्यासात, कुणी सोबत असलं की एका जेवणात सरासरी ११४ कॅलरी जास्त पोटात गेल्या. जवळजवळ एक पोळीच ती.

सोबत म्हणजे रोज अख्खं कुटुंब जमायला हवं, असंही नाही. शेजारच्या आजींसोबत दुपारचं एक जेवण, ज्येष्ठ नागरिक संघातला आठवड्याचा डबा हेही चालतं. जपानच्या नागोया विद्यापीठात तर आरशासमोर बसून पॉपकॉर्न खाणाऱ्या वृद्धांना ते जास्त चविष्ट लागलं आणि त्यांनी खाल्लंही जास्त. आरसा काही माणसाची जागा घेणार नाही, पण समोर कुणीतरी खाताना दिसण्याचा परिणाम किती खोल असतो, ते यातून कळतं.

आणि “जेवताना बोलू नये” हे? ठणठणीत माणसाला दोन घासांमधल्या गप्पांची अडचण नसते. पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमुळे गिळायला त्रास होत असेल, तर मात्र हा सल्ला अक्षरशः पाळावा. अशा वेळी सोबत बसावं, टीव्ही बंद ठेवावा, घाई करू नये आणि घास पूर्ण गिळून झाल्यावरच त्यांना बोलतं करावं.